साथीचा हुकूम आणि खर्चाचा हिशेब

साथरोग कायदा 4 फेब्रुवारी 1897 रोजी मंजूर झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याचे मूळ मुंबईच्या प्लेगात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये तिथे प्लेग आढळला आणि पालिका आयुक्त स्नो यांनी 6 ऑक्टोबरला रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा हुकूम काढला. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला आणि पालिकेला तो हुकूम सैल करावा लागला. लोकांचा विश्वास कसा मिळवावा, हा यातून घ्यायचा धडा होता. सरकारने मात्र हाती आणखी अधिकार हवेत, एवढेच त्यातून घेतले. कायद्याच्या दुसऱ्या कलमाने तात्पुरते नियम करण्याची व्यापक मोकळीक सरकारला मिळाली. खर्च आणि नुकसानभरपाई कोणी आणि कशी सोसायची हेही सरकारच ठरवील, असे त्याच कलमात लिहिले आहे. हुकूम वरून यायचा, अंमल शहराने करायचा आणि पैशाचे वरचा म्हणेल तसे, ही रीत तेव्हा पडली. साथीत अधिकार एकवटतात यात मला वावगे वाटत नाही. त्या अधिकारांचा हिशेब ज्या सभागृहाला द्यायचा ते सभागृहच जागेवर नसणे, हा खरा घात आहे आणि कोल्हापुरात तो कोविडच्या काळात घडला.

1897 मध्ये कोल्हापूर संस्थान होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू नव्हता. चालत होता दरबारचा हुकूम. शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले आणि दुष्काळ व प्लेग ही दोन्ही संकटे सुरुवातीच्या काही वर्षांतच त्यांच्यापुढे उभी राहिली. वस्ती मोकळी करायची, लोकांना गावाबाहेर माळावर झोपड्यांत हलवायचे, हा त्या काळचा मुख्य उपाय होता आणि दरबारने तो राबवला. यावरून कुणी म्हणेल, निवडून आलेले सभागृह नसतानाही साथ हाताळता येतेच की. हा आक्षेप वजनदार आहे. पण दरबारात हुकूम आणि खजिना एकाच हाती होते. चूक झाली तर बोट कुणाकडे दाखवायचे हे रयतेला ठाऊक होते. त्याच काळात पुण्यात हुकूम करणारे अधिकारी आणि सोसणारे नागरिक यांच्यामध्ये ऐकून घेणारे कुणी उरले नाही. 22 जून 1897 ला तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली त्यामागे तो साचलेला राग होता. आज राजा नाही आणि नसावा हेच योग्य. मग राजाच्या जागी जबाबदार कोण, याचे उत्तर लोकशाहीत सभागृहच देऊ शकते.

मार्च 2020 मध्ये तोच 1897 चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. राज्याने 14 मार्चला कोविडचे नियम जारी केले आणि पाठोपाठ 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. आपत्ती निधी वरून आला. शहराचा थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. ते महापालिकेच्या ताब्यात नाही. महापालिकेकडे सावित्रीबाई फुले, पंचगंगा आणि आयसोलेशन ही रुग्णालये, सफाई कामगार आणि वॉर्डावॉर्डांत फिरणारे कर्मचारी होते. पैशाची बाजू त्याआधीच लंगडी झालेली. 2011 मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, पुढे तोही गेला, आणि जीएसटीनंतर राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे आले. हक्काचे उत्पन्न म्हणून घरफाळा आणि पाणीपट्टी, आणि टाळेबंदीत नेमकी तीच वसुली अडखळते. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली, आणि ती हवीच होती. पण स्थानिक संस्थांनी खर्च कुठून करायचा यावर ती दुरुस्ती काहीच बोलत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे 67 वे कलम या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. आणीबाणीत आयुक्ताने मंजुरीची वाट न पाहता तातडीने कृती करावी, असे ते सांगते. लगेच पुढची अटही घालते: काय केले, का केले आणि अंदाजपत्रकाबाहेर किती खर्च झाला वा होणार, हे स्थायी समितीला आणि महापालिकेला विनाविलंब कळवले पाहिजे. म्हणजे वेग आणि जाब दोन्ही कायद्यातच आहेत. सभा भरवण्यात वेळ जातो, साथ थांबत नाही, हा नेहमीचा युक्तिवाद या कलमापुढे टिकत नाही. आधी काम, मग हिशेब, असाच त्याचा क्रम आहे.

पण नोव्हेंबर 2020 मध्ये कोल्हापूरच्या 81 नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अहवाल देणारा आणि घेणारा एकच. 2021 ची दुसरी लाट, ज्यात जिल्ह्याने जून-जुलैपर्यंत निर्बंध सोसले, ती सगळी या व्यवस्थेत गेली. साथीत निवडणूक घेणे धोक्याचे होते, हे मान्य. राज्यघटनेचे 243 यू कलम पाच वर्षांपेक्षा अधिक मुदत देत नाही, तेव्हा प्रशासक अटळ होता हेही मान्य. कुणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्याचाही हा प्रश्न नाही. अनेकांनी जीव धोक्यात घालून काम केले. तरीही साथ ओसरल्यावर निवडणूक वर्षानुवर्षे लांबली, याला विषाणू जबाबदार नव्हता. कोविडच्या खर्चाचे दरमहा विवरण प्रसिद्ध करायला कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते. ऑक्सिजन, औषधे, कंत्राटी मनुष्यबळ यांवर काय गेले, त्यातले वरून किती आले आणि घरफाळ्यातून किती गेले, हे शहराला कळणे हा शहराचा हक्क होता.

महापालिकेची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. नव्या सभागृहाने 67 व्या कलमाखालचा तो राहून गेलेला अहवाल, मार्च 2020 पासूनच्या कोविड खर्चाच्या तपशिलासह, पटलावर मागवावा. आणि कोल्हापूरकरांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याबद्दल विचारावे.