एका जर्मन विशेषणाची अवनति

आजच्या जर्मन भाषेंत ‘श्लेख्ट’ म्हणजे वाईट. परंतु या विशेषणाचा मूळ अर्थ सपाट, सरळ, साधा असा होता. ल्यूथरच्या बायबलाच्या १५४५ सालच्या आवृत्तींत सत्त्वशील ईयोबाच्या गौरवार्थ तेंच योजिलेलें आहे. पुढें जें साधें तें सामान्य, सामान्य तें हलकें आणि हलकें तें वाईट, अशा पायऱ्या तें उतरत गेलें. तत्त्ववेत्ता नीत्शे यानें १८८७ सालीं हा अर्थपालट तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–१६४८) सुमाराचा ठरविला, आणि त्याच्या मुळाशीं सामान्य मनुष्याला जोखणारी कुलीनांची नजर आहे असें दाखविलें. साधेपणाचा मान ‘श्लिख्ट’ या सोदर शब्दाकडे गेला. तथापि ‘निखालस’ या अर्थाच्या ‘श्लेख्टहिन’ या शब्दांत त्याचा जुना निर्दोषपणा अद्याप शाबूत आहे.