औंध संस्थान आणि व्यंकटेश माडगूळकर यांचा नव्या कथेचा शोध

प्रस्तावना :

मराठी नवकथेच्या इतिहासात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही नावे एकत्र घेतली जातात. त्यांपैकी माडगूळकरांची (१९२७–२००१) वाट शहरी मध्यमवर्गातून निघाली नाही. ती औंध संस्थानातील दुष्काळी माणदेशातून निघाली. नव्या विषयाचा आणि नव्या शैलीचा त्यांचा शोध संस्थानी जीवनाच्या चौकटीशी निगडित होता आणि ती चौकट मोडल्यानंतर लगेचच तो फलद्रूप झाला, हे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

संस्थानाची पार्श्वभूमी :

औंध हे सातारा जहागिरींपैकी एक लहान संस्थान. त्याची ७२ गावे सलग नव्हती. त्यामुळेच आज औंध सातारा जिल्ह्यात, तर माडगूळकरांच्या माडगुळे गावाजवळचे आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारले. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे त्यांनी सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत याच काळातील. व्यंकटेश यांचे ज्येष्ठ बंधू ग. दि. माडगूळकर यांनी पुढे याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा लिहिली. अशा प्रकारे कथेला विषय पुरविणारे प्रयोग या मुलखात प्रत्यक्ष घडत होते.

विषयाचा शोध :

माडगूळकरांच्या आधी मराठी कथेवर ना. सी. फडके यांच्या तंत्रवादाचा प्रभाव होता. घटनांची गुंफण, उत्कंठा आणि अनपेक्षित शेवट ही चांगल्या कथेची लक्षणे मानली जात. खेडे कथेत येई, ते बहुधा रम्य किंवा भडक पार्श्वभूमी म्हणून. माडगूळकरांनी कथानकाचा शोध बाजूला ठेवून माणसाचा शोध घेतला. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध झाले. धर्मा रामोशी, शिदा चांभार, रामा मैलकुली ही त्यातील माणसे कोणत्याही अर्थाने नायक नाहीत. त्यांच्या आयुष्यात मोठी घटना घडत नाही. दारिद्र्य आणि स्वाभिमान एवढेच त्यांच्यापाशी आहे. तेवढ्यावर कथा उभी राहू शकते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

‘बनगरवाडी’त (१९५५) हा शोध आणखी पुढे जातो. संस्थानी शाळेवर नेमणूक झालेला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि राजा तिच्या उद्घाटनाला येतो. अखेरीस दुष्काळ पडतो, वस्ती ओस पडते आणि मास्तरही निघून जातो. शिक्षण, व्यायाम आणि लोकसहभाग हे औंधचे ध्येय येथे एका वाडीच्या मापाने तपासले गेले आहे. राजाची सदिच्छा खोटी नव्हती. पण पाऊस तिच्या ताब्यात नव्हता. प्रशासकीय कागदपत्रांत सहसा न येणारे हे सत्य कादंबरीने नोंदविले, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकालाही ती महत्त्वाची वाटते.

शैलीचा शोध :

माडगूळकर स्वतः चित्रे काढीत. चित्रकाराची ही सवय त्यांच्या गद्यात उतरली. वाक्ये लहान, विशेषणे मोजकी. माणूस प्रथम चेहऱ्याने, पोशाखाने आणि चालीने दिसतो, मग बोलतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, ही विभागणी त्यांनी संयमाने पाळली. त्यामुळे बोली हा विनोदाचा विषय न राहता व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग झाली.

शोधाच्या मर्यादा :

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात जाळपोळ झाली व अनेक ब्राह्मण कुटुंबांना गावे सोडावी लागली. या घटनांवरील ‘वावटळ’ ही त्यांची कादंबरी १९६४ मध्ये आली. ‘माणदेशी माणसं’नंतर पंधरा वर्षांनी आलेली ही कादंबरी गावाच्या आत्मीय चित्राला दुसरी बाजू जोडते. आणखी एक बाजू त्याच आटपाडीच्या शंकरराव खरात यांनी ‘तराळ अंतराळ’ (१९८१) या आत्मचरित्रात मांडली. महारवाड्यातून दिसणारा हा मुलूख कुलकर्ण्याच्या वाड्यातून दिसणाऱ्या मुलखाहून वेगळा होता. त्यामुळे माडगूळकरांच्या लेखनाला संपूर्ण माणदेशाचा इतिहास मानता येणार नाही. ते एका स्थानावरून केलेले प्रामाणिक निरीक्षण आहे.

समारोप :

१९८३ मध्ये अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांकडे, तर १९८४ मध्ये जळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद खरातांकडे आले. एकाच लहानशा संस्थानाच्या मुलखातून लागोपाठ दोन अध्यक्ष यावेत, ही बाब बोलकी आहे. नव्या विषयासाठी लेखकाला दूर जावे लागतेच असे नाही. पायाखालची भूमी नव्या नजरेने पाहावी लागते, आणि त्या भूमीवर दुसरा कोठे उभा आहे याचेही भान ठेवावे लागते, हे औंधच्या या वाङ्मयीन इतिहासावरून स्पष्ट होते.