फिरते खुराडे

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून जाणाऱ्या माणसाला आपण एका छावणीतून चाललो आहोत, याची आठवण सहसा होत नाही. दुतर्फा दुकाने, माणसांची दाटी, जवळच महाराज बाड्याचा चौक. सारे कसे कायमचे रुजलेले! परंतु या वस्तीचे नाव लष्कर, आणि ते नाव अक्षरशः खरे आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही. राहुट्यांच्या जागी भिंती आल्या आणि फौजेचे शहर झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी, त्यामागून बाजारांची निशाणे आपापल्या जागी लागत आणि उघड्या माळावर सरळ रस्त्यांचे नगर उभे राही, असे वर्णन त्याने पत्रांतून केले आहे. कूच होताच तो माळ पुन्हा मोकळा. अशा छावणीला हलावेच लागे. राजकारण काही असो, हजारो जनावरे एका जागी थांबली की गवत संपते आणि शेण साचते.

हाच हिशेब दोन-चार डझन कोंबड्यांनाही लागू पडतो, आणि फिरत्या खुराड्याची सारी रचना त्यावरच उभी आहे.

महाराष्ट्रात कोंबडीच्या निवाऱ्याच्या दोन रीती जुन्या. एक खुराडे: भिंतीला टेकून बांधलेले, ठेंगणे, अंधारे. दुसरे डालगे: बांबूच्या कामट्यांची मोठी पाटी, पिलांसह कोंबडीवर पालथी घालायची. मराठीने यासाठी ‘डालणे’ असे स्वतंत्र क्रियापदच राखले आहे. डालगे आज अंगणात, उद्या परसात. तळ नाही, वजन नाही, आणि घारीच्या झडपेपासून पिले सुरक्षित. घरातल्या बाईने एका हाताने उचलावे असे हे फिरते खुराडेच होय; मात्र त्यात मोठा थवा मावत नाही.

मोठ्या कळपाची युक्ती धनगरांना ठाऊक होती. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि त्या ओझ्यावर कोंबड्या, असा त्यांचा प्रवास. मुक्कामाला शेतात मेंढ्या बसवायच्या, भोवती वाघर म्हणजे जाळी लावायची आणि जागा बदलत राहायचे. मेंढ्यांना सुरक्षित रात्र मिळे, शेतकऱ्याला खत मिळे आणि धनगराला त्याचा मोबदला. इंग्लंडातही फिरत्या खुराड्याला ‘फोल्ड’ असे नाव पडले, आणि हा शब्द मूळचा मेंढ्यांच्या कोंडवाड्याचाच आहे. दोन दूरच्या देशांतील पशुपालकांना एकच गोष्ट सुचली, यात नवल नाही. शेण दोन्हीकडे सारखेच.

स्थिर खुराड्याचा खरा शत्रू मुंगूस नव्हे. तो पायाखाली असतो. रक्ती हगवण या रोगाचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून बाहेर पडतात, पण पडताक्षणीच ते बाधक नसतात. ऊब आणि ओल मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत ते पक्व होतात व चोचीवाटे पुन्हा पोटात जातात. कोंबड्या तोवर पुढे सरकल्या असतील, तर हे चक्र बरेचसे तुटते. सगळ्याच रोगांना हा उपाय नाही. कुमाऊँतील गावाचे नाव मिळालेला राणीखेत रोग हवेतून आणि संसर्गाने पसरतो. त्याला लसच हवी.

विसाव्या शतकात याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले: कोंबडीला जमिनीपासून उचलून तारेच्या पिंजऱ्यात ठेवायचे, म्हणजे विष्ठा खाली गळून पडते. १९७१ साली स्थापन झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या संस्थांमुळे कुक्कुटपालन हा देशात मोठा उद्योग झाला. अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात आले. हे उपकार नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्या पिंजऱ्यात एका पक्ष्याच्या वाट्याला लिहिण्याच्या कागदाएवढीही जागा येत नाही. २०१७ साली भारताच्या विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासासाठी नवे नियम सुचवले, ते यामुळेच.

अमेरिकेत व्हर्जिनियाचे शेतकरी जोएल सॅलटिन यांनी उलट वाट धरली. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दोन फूट उंच, बिनतळाचा सांगाडा. आत मांसासाठी वाढवलेले सुमारे पंचाहत्तर पक्षी. रोज एकदा पुढे ओढायचा. १९९३ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ही रीत जगभर गेली. हिशेब केला तर एका पक्ष्याला जेमतेम दीड चौरस फूट मिळतो. म्हणजे ऐसपैस जागा हा या खुराड्याचा गुण नव्हेच. रोज नवी जमीन, हा त्याचा गुण.

ग्वाल्हेरच्या परिसरात असे खुराडे करायचे, तर व्हर्जिनियाची नक्कल चालणार नाही. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. उघड्या पत्र्याखाली दोन फुटांच्या पोकळीत पक्षी भाजून निघतील. छपरावर गवताचा थर हवा, बाजू हवेशीर हव्यात, आणि त्या दिवसांत खुराडे झाडाखाली उभे राहिलेलेच बरे. हिवाळ्यात बरसीमच्या कापलेल्या वाफ्यावर किंवा पावसाळ्यातील गवतावर ते फिरावे. चाऱ्यावरच कोंबडी जगेल ही भाबडी समजूत आहे; गवतातील तंतू तिला पचत नाहीत, दाणा आणि पेंड द्यावीच लागते.

वजनाचा प्रश्न सर्वांत अवघड. हलके केले तर वावटळीत उलटते आणि कोल्हा ते उचकटतो. जड केले तर घरातल्या बाईला ओढवत नाही, आणि गावात कोंबडी तर बहुधा तिचीच असते. कामट्यांचा सांगाडा, अर्ध्या इंची चौकोनी जाळी आणि मागच्या टोकाला सरकवण्याजोगी दोन चाके, एवढ्यात मध्यम मार्ग निघतो. जमीन खडबडीत असेल तर खालच्या फटीतून मुंगूस शिरते. तेथे रात्री दगड लावावे लागतात. ओढताना घाई करू नये. पुढचे पक्षी ताज्या गवताकडे आपणहून धावतात, पण मागचे एखादे पिलू रेंगाळते आणि मागची आडवी पट्टी त्याच्या पायावर येते.