प्लीहाविहीनता

प्लीहाविहीनता म्हणजे शरीरात प्लीहा हा अवयव नसणे, अथवा असूनही त्याचे कार्य बंद पडलेले असणे. प्लीहेला मराठीत पाणथरी असेही म्हणतात. प्लीहाविहीन व्यक्ती शिक्षण, नोकरी, व्यायाम, प्रवास हे सर्व करू शकते. मात्र काही विशिष्ट जिवाणूंच्या तीव्र संसर्गाचा धोका तिला आयुष्यभर राहतो. प्लीहा गमावलेल्यांना विषाणूजन्य साथींची भीती अधिक वाटत असली, तरी या अवस्थेतील मुख्य धोका विषाणूंचा नसून जिवाणूंचा असतो.

प्लीहेचे कार्य

प्लीहा पोटाच्या डाव्या बाजूस, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. निरोगी प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम भरते. तिच्या लाल मगजात रक्त गाळले जाऊन जीर्ण तांबड्या पेशी नष्ट केल्या जातात, तर श्वेत मगजात प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी असतात. काही जिवाणूंभोवती शर्करायुक्त पदार्थाचे संपुट असते. त्यामुळे भक्षक पेशींना त्यांना सहज पकडता येत नाही. असे जिवाणू रक्तातून वेचून काढणे आणि त्यांच्याविरुद्ध तातडीने प्रतिपिंडे तयार करणे हे प्लीहेचे वैशिष्ट्यपूर्ण काम आहे. प्लीहा नसल्यास यकृत या कामाचा काही भार उचलते. पण प्रतिपिंडांचा लेप न चढलेले संपुटधारी जिवाणू टिपण्यात ते प्लीहेइतके कार्यक्षम नसते.

कारणे

अपघातात प्लीहा फुटून रक्तस्राव झाल्यास ती काढावी लागते. आनुवंशिक गोलपेशीयता, थॅलेसेमिया, बिंबाणू कमी होण्याचा प्रतिरक्षाजन्य विकार आणि काही अर्बुदे यांच्या उपचारांतही प्लीहाछेदन केले जाते. सिकलसेल आजारात विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या वारंवार तुंबतात आणि प्लीहा हळूहळू निकामी होते. सीलियाक आजारातही तिचे कार्य मंदावू शकते. क्वचित काही बालके जन्मतःच प्लीहेविना असतात. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत केंद्रकाचे अवशेष, म्हणजे हॉवेल-जॉली पिंड, दिसणे ही प्लीहा कार्यरत नसल्याची खूण मानली जाते.

जिवाणूंचा धोका

या अवस्थेतील सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे प्लीहाछेदनोत्तर तीव्र जंतुसंसर्ग. न्यूमोकोकस हा त्याचा प्रमुख कारक असून मेनिंगोकोकस आणि हीमोफिलस इन्फ्लुएन्झी ब हे अन्य दोन महत्त्वाचे जिवाणू आहेत. तिसऱ्या जिवाणूच्या नावात इन्फ्लुएन्झा असला, तरी तो फ्लूचा विषाणू नव्हे. असा संसर्ग विरळा असतो; पण झाल्यास काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो आणि उपचार करूनही मृत्यूचे प्रमाण मोठे असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि लहान मुलांमध्ये धोका अधिक असतो, तथापि अनेक दशकांनंतरही तो पूर्णपणे टळत नाही.

कुत्र्याच्या चाव्यातून शिरणारा कॅप्नोसायटोफागा हा जिवाणू एरवी फारसा उपद्रवी नसतो, परंतु प्लीहाविहीन व्यक्तीत तो घातक ठरू शकतो. म्हणून कुत्रा चावल्यास रेबीजप्रतिबंधक लसीबरोबरच प्रतिजैविकाचाही विचार केला जातो. तांबड्या पेशींत वाढणाऱ्या परजीवींमुळे होणारा हिवताप अशा रुग्णांत अधिक तीव्र होण्याची शक्यता असते.

विषाणूजन्य संसर्ग

विषाणूंशी लढण्याचे काम मुख्यतः टी-पेशी आणि शरीरभर पसरलेल्या लसीका ग्रंथी करतात. ही यंत्रणा प्लीहेविना बहुतांशी शाबूत राहते. त्यामुळे सर्दी, फ्लू यांसारखे आजार केवळ प्लीहा नाही म्हणून वारंवार होतात असे नाही. केवळ प्लीहाविहीनता असेल, तर गोवर किंवा कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंच्या लसीही सामान्यतः वर्ज्य मानल्या जात नाहीत. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असल्यास मात्र परिस्थिती बदलते.

तरीही विषाणूंकडे दुर्लक्ष करता येत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तराला इजा करतो आणि त्या वाटेने न्यूमोकोकससारखे जिवाणू आत शिरतात. या दुय्यम संसर्गाला प्लीहाविहीन व्यक्ती सहज बळी पडू शकते. म्हणूनच तिला दरवर्षी टोचून दिली जाणारी इन्फ्लुएन्झाची निष्क्रिय लस सुचवली जाते. कोविड-१९च्या साथीत ब्रिटनने प्लीहा काढलेल्या व्यक्तींचा समावेश अतिजोखमीच्या गटात केला होता.

खरा घात होतो तो निदानात. तीव्र जंतुसंसर्गाची सुरुवात ताप, हुडहुडी, अंगदुखी, उलटी, जुलाब अशा फ्लूसारख्या लक्षणांनी होते. ‘व्हायरल ताप’ समजून एक-दोन दिवस वाट पाहिल्यास उपचारांची वेळ निघून जाऊ शकते. पावसाळ्यात डेंग्यू आणि फ्लूचे रुग्ण वाढलेले असताना ही गफलत होणे विशेष सोपे असते.

इतिहास

प्लीहा ही दीर्घकाळ अनावश्यक समजली जात असे. १९१९ साली मॉरिस आणि बुलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून प्लीहेविना संसर्गाची प्रतिकारक्षमता घटते असे दाखवले, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५२ साली किंग आणि शूमाकर यांनी प्लीहाछेदन झालेल्या अर्भकांतील गंभीर संसर्गांची नोंद प्रसिद्ध केल्यावर दृष्टिकोन बदलू लागला. पुढे इजा झालेली प्लीहा शक्य तेथे राखण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल वाढला. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सिकलसेल आजाराच्या बालकांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकसचे तीव्र संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

प्रतिबंध

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हीमोफिलस इन्फ्लुएन्झी ब यांविरुद्धच्या लसी हा प्रतिबंधाचा पाया आहे. शस्त्रक्रिया नियोजित असल्यास लसी किमान दोन आठवडे आधी, तर तातडीची झाल्यास साधारणतः दोन आठवड्यांनी दिल्या जातात. काही लसींच्या मात्रा ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्याव्या लागतात. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकसची लस २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांना ती बालपणी मिळालेली नाही.

लहान मुलांना आणि अधिक जोखमीच्या रुग्णांना रोज पेनिसिलिन दिले जाते. अनेक रुग्णांना आपत्कालीन प्रतिजैविकाची मात्रा जवळ बाळगण्यास सांगितले जाते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ अंश फॅरनहाइट) वर गेल्यास किंवा हुडहुडी भरल्यास ही मात्रा घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे असते. घरी घेतलेली मात्रा रुग्णालयातील उपचारांना पर्याय नसते. प्लीहा नसल्याची नोंद असलेले कार्ड जवळ असल्यास अनोळखी डॉक्टरलाही धोका तत्काळ कळतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे तसेच अमरावती जिल्ह्यातील मेळघाट या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल आजार आढळतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक राहत असल्याने प्लीहा आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा उशिरा निकामी होते. गडचिरोलीत हिवतापाचाही प्रादुर्भाव असल्याने तेथील रुग्णांबाबत दुहेरी दक्षता घ्यावी लागते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले.