सारीपाटाचे नियम आणि संगणकाचा पडदा : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

बैठ्या खेळांच्या इतिहासलेखनात एक अडचण वारंवार येते. पट, सोंगट्या, कवड्या या वस्तू टिकून राहतात; नियम मात्र खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात आणि खेळणारे गेले की तेही जातात. मराठवाड्यापुरते बोलायचे तर वेरूळच्या २१ व्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे शिल्प आहे. खेळाची प्रतिष्ठा त्यातून कळते. दान कसे मोजत हे कळत नाही. सोळाव्या शतकात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये चौपडीचे वर्णन केले, तेही दरबारी खेळाचे. खेड्यातल्या ओसरीवरचा डाव कोणी लिहून ठेवावा?

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठीतील सोंगट्या आणि उर्दूतील चौसर अशी खेळाची दोन्ही नावे या प्रदेशाच्या दोन भाषांत आहेत. जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाणारे गंगाखेड याच जिल्ह्यातले. संत ज्ञानेश्वरांनी मोक्षपट रचला अशी परंपरा सांगितली जाते; परंतु जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेला ज्ञानपटांवरील प्रबंध पश्चिम भारतातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांभोवती केंद्रित आहे. परंपरा आणि पुरावा यांतील हे अंतर संशोधकाने नजरेआड करू नये.

पटावरचा हिशेब

सारीपाटाचा पट फुलीच्या आकाराचा असतो. चार पट्टे, प्रत्येकात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे मधले घर सोडून एकूण ९६ घरे. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे. सहा कवड्यांच्या प्रकारात दोन ते सहा कवड्या उताण्या पडल्या तर तेवढेच दान. एकच पडली तर दहा. एकही न पडली तर पंचवीस. ‘पचिसी’ हे नाव याच दानावरून आले.

या मोजणीतील गणित पाहण्यासारखे आहे. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असे क्षणभर मानले, तर सहा कवड्या पडण्याचे ६४ प्रकार होतात. त्यांपैकी तीनचे दान २० वेळा, दहाचे ६ वेळा आणि पंचवीसचे अवघे एकदा येते. प्रत्यक्षात कवडीचा आकार असमान असल्याने हे प्रमाणही बदलते. दुर्मीळ दानाला मोठी किंमत देण्याचा हा हिशेब कोणा एका ग्रंथकाराने मांडलेला नाही; तो खेळता खेळता घडला असावा.

१८९६ मध्ये इंग्लंडमध्ये याच खेळावरून लूडोचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा ठोकळा आला, घरे कमी झाली आणि प्रत्येक दानाची शक्यता सारखी झाली. जोडीदारही गेला. सारीपाटात दोघांच्या मिळून आठही सोंगट्या घरी पोहोचल्याशिवाय जिंकता येत नाही; म्हणून मागे पडलेल्या सोबत्यासाठी पुढच्याने आपली सोंगटी थांबवणे, प्रसंगी पडलेले दान सोडून देणे, यातच कौशल्य. लूडोत प्रत्येक जण स्वतःपुरता.

हा पाश्चात्त्य अवतार २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीच्या ‘लूडो किंग’मधून मोबाइलवर परतला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. बहुतेक लूडो अ‍ॅपमध्ये एकच चाल शक्य असेल तर अ‍ॅप ती आपोआप खेळते. दान सोडण्याचा विचार करायला अवकाशच उरत नाही. लूडो हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. सारीपाटाच्या मूळ नियमांना धरून हा वाद झाला असता, तर कौशल्याची बाजू निश्चितच अधिक बळकट ठरली असती.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण

अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळण्याचा खेळ. त्याचे नियम छापील असले तरी प्रत्येक गट आपले पोटनियम करतो. १९९८ च्या ‘बॉल्डर्स गेट’ या संगणकीय खेळात ते नियम आणताना पाळीपाळीने खेळणे सोडून सहा सेकंदांच्या फेऱ्यांचा अखंड काळ स्वीकारला गेला. २०२३ च्या तिसऱ्या भागाने पाळी परत आणली, फासा पडद्यावर दाखवला आणि औषध पिण्यास कमी वेळ लागेल असा बदल केला. अनेक गट आपापल्या टेबलावर तसेच खेळत असत. पुढे २०२४ च्या छापील आवृत्तीतही तो नियम आला. तोंडी रूढी पडद्यावर गेली आणि पडद्यावरून ग्रंथात आली, असे म्हणता येईल. सारीपाटाच्या वाट्याला असा प्रवास आला नाही. कारण लूडोकर्त्यांसमोर मराठी वा दखनी पोटनियमांची नोंदच नव्हती. ती परभणीच्या नऊ तालुक्यांत महाविद्यालयांना आजही करता येईल. वृद्ध खेळाडूंकडून कवड्यांची संख्या, दानांची नावे, सोंगटी मारण्याचे व जोडी बांधण्याचे संकेत लिहून घ्यायला वही-पेन पुरेसे आहे.

क्लाउड गेमिंगने या प्रश्नाला नवे टोक दिले. त्यात खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि खेळणाऱ्याकडे केवळ चित्र पोहोचते. ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भाग पूर्ण होण्यापूर्वी, ऑक्टोबर २०२० मध्येच, गूगलच्या ‘स्टेडिया’ या सेवेवर आला होता. १८ जानेवारी २०२३ रोजी ती सेवा बंद झाली. पैसे परत मिळाले, पण खेळ तेथे उरला नाही. पेटीत जपलेला कापडी पट आजही अंथरता येतो. मात्र पाच कवड्या उताण्या पडल्या तर सहा कवड्यांच्या खेळात पाच आणि सात कवड्यांच्या एका प्रकारात पंचवीस मोजतात. यांपैकी आपल्या घरी कोणते चालत होते, हे सांगणारे माणूस पटाशेजारी बसलेले असावे लागते.