एलेन वीटन : एकटीची कूच

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्रजी पायी भटकंती म्हटली की कवी वर्ड्‌सवर्थ आठवतो, फार तर त्याची बहीण डोरोथी. एलेन वीटन सहसा कुणाला आठवत नाही. मला ती चालणारी म्हणून या सगळ्यांपेक्षा जवळची वाटते.

जन्म 1776, लँकेशायर. बाप जहाजाचा कप्तान, गुलामांच्या व्यापारातला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात समुद्रावर मारला गेला. आईने शाळा काढली. आईमागे ती एलेनने चालवली आणि पोटाला चिमटा घेऊन भावाला वकील केले. पुढे ती गव्हर्नेस झाली, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई.

1812 मध्ये ती आयल ऑफ मॅन या बेटावर गेली. डोक्यावर गवती टोपी, अंगात राखाडी जाडेभरडे जाकीट, एका हातात जाळीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. अशा वेशात एका दिवसात 35 मैल चालली. म्हणजे 56 किलोमीटर! खडकवासल्याला पिट्टू पाठीवर घेऊन चाललेल्यांना हा आकडा पायांत जाणवेल. पण आपल्या शेजारी बडी असतो, मागून ॲम्ब्युलन्स येते. ही एकटी होती, आणि तेही मुद्दाम. सोबत असली की विचार मोकळे फिरत नाहीत, असे तिचे म्हणणे.

1814 मध्ये विगनच्या ॲरन स्टॉक या गिरणीमालकाशी लग्न झाले. मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे. 1822 मध्ये ती विभक्त झाली. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात मुलांवर हक्क बापाचा. मेरी सात वर्षांची. आईला भेट वर्षातून तीनदा. मुलीच्या निवासी शाळेपर्यंत एलेन मैलोन्‌मैल चालत जाई.

अशा दिवसांत, 1825 साली, ती वेल्समधल्या स्नोडनवर एकटी चढली. उंची 1085 मीटर. आकड्याने आपल्या सिंहगडाहून कमी, पण पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे चढ जास्त. वय 48. वाटाड्या घेतला नाही. नकाशा आणि वर्णने आधी अभ्यासली होती. कड्यांची धास्ती वाटलीच, पण वाटेत एक गृहस्थ वाटाड्यासह दिसले तेव्हा तिने तोंड फिरवले, पुढे कुठे भेटले तर ओळखू नयेत म्हणून. डोंगराची रेकी केलेल्या बाईला लपावे लागले ते माणसांपासून. बाईने एकटे फिरणे तेव्हा संशयास्पद होते, आणि बदनामी झाली असती तर नवऱ्याच्या हाती आयते कोलीत मिळाले असते, हा माझा तर्क.

1839 मध्ये कायदा बदलला, पण आईला ताबा मागता येई तो सात वर्षांखालच्या मुलांचाच. मेरी तेव्हा मोठी झाली होती. एलेन 1849 मध्ये वारली.

पत्रे पाठवण्यापूर्वी ती वहीत उतरवून ठेवी. त्यातली एक वही 1925 मध्ये विगनमध्ये एडवर्ड हॉल यांना जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. 1936 आणि 1939 मध्ये दोन खंड छापून आले. नाव दिले, ‘मिस वीटन : एका गव्हर्नेसची रोजनिशी’. स्टॉकचे आडनाव त्यात नाही, हे बरे झाले. चालण्याचाही उल्लेख नाही, ही मात्र चूक.