तळटीप : खुलताबादची कबर आणि रमाबाई

४. औरंगजेबाची कबर खुलताबादेत जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वर छत नाही, मातीत सब्जा लावलेला. तिथून लेखक एकदम पंडिता रमाबाईंकडे वळतो. उडी लांबची खरी, पण उगाच नाही; दोन्हीकडे विषय मृत्यूचाच आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. मेलेले पुन्हा उठतील ही ख्रिस्ती पुनरुत्थानाची आशा म्हणजे रडू गिळणे, असे मात्र समजू नये. बायबलमधल्या कथेत मित्र लाजराच्या कबरीपाशी येशूही रडला होता. १९२१ साली एकुलती लेक मनोरमा वारली, तेव्हाही केडगावात रमाबाईंचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालूच राहिले. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.